पंप गळत होता तोवर

गाडी बेल्ट बदलायला टाकली की मी पाण्याचा पंपही बदलून घेते. मेकॅनिक दर वेळी म्हणतो, "मॅडम, पंप चांगलाय, अजून बघायला नको." मी म्हणते, काढ. तो काढतो आणि चांगला पंप माझ्या हातात देतो. मी तो उलटा करून खालचं भोक बघते.

*

आईने त्या दिवाळीच्या आधी अंगणात फरशी घालून घेतली होती. पिवळसर, गुळगुळीत. कुणी चप्पल घालून आत आलं की ती दारातून त्याच्या पायांकडे बघत राहायची.

*

"कानाची पाळी खालून फाटलीय," सोनार म्हणाला. "आता वर टोचावं लागेल." ताई म्हणाली, "टोचा." तिने डोळे मिटले नाहीत. सोनारानेच मिटल्यासारखे केले.

*

"पोहे छान झालेत," मला बघायला आलेल्या मुलाची आई म्हणाली. मुलगा बशीतले पोहे चिवडत होता.

*

आमच्या शेडच्या भिंतीवर बाबांनी खडूने काढलेली एक आकृती होती. एक दांडा, त्याच्या एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला पाणी ढकलणारी चाती, मध्ये बेअरिंग, मध्ये सील. आणि खाली बाण काढून लिहिलेलं: हे बुजवू नये.

*

लग्नानंतर पहिल्या वर्षी ताई सासरी जायला निघाली की रस्त्याच्या वळणापर्यंत रडायची. तिथून हात हलवायची, तो ओला असायचा. आईला ते बरं वाटायचं. नंतर कधीतरी ते थांबलं. आई शेजारच्या खातूकाकूंना म्हणाली, "रुळली हो पोरगी."

*

पहिला तुकडा सोडला तर हे सगळं मागचं, माझ्या लग्नाच्याही आधीचं. आता ओळीने सांगते.

ताई दिवाळीला आली नव्हती. दिवाळी झाल्यावर आली, एकटी, बसने, पाटणच्या पुढच्या तिच्या गावाहून घाट उतरून चिपळूणला. हातात एक कापडी पिशवी आणि डोक्याला स्कार्फ. थंडी अजून पडायची होती. आईने स्कार्फ सोडवला तर डाव्या कानात कुडी नव्हती आणि पाळीची दोन टोकं झाली होती.

"अडकली असेल कशाला तरी," आई म्हणाली.

"हो," ताई म्हणाली.

बाबा बाजारात गेले होते. ते हायस्कूलमध्ये भूमिती शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गाडी उघडून बसायचे. गाडी फिकट निळी, त्यांच्या नोकरीइतकी जुनी. ते परत आले तेव्हा ताई स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होती. बाबांनी तिच्या कानाकडे पाहिलं. मग बाहेर गेले. मला डिकी उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाले, "गाडीचा पंप गळतोय."

कुणी त्यांना गाडीचं विचारलं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि खातूंच्या फोनवर ताईच्या सासरहून निरोप आला. खातूकाकू तो सांगताना पदराशी चाळा करत होत्या. एकटी गेली तशी एकटी येऊ नये. वडिलांनी स्वतः आणावी. घाट चढून हेळवाकपर्यंत आणली तरी चालेल, तिथून आम्ही नेऊ. आणि यापुढे असं होणार नाही, हे वडिलांनी आपल्या तोंडाने सांगावं.

"बसने नेऊन सोडा तिला," आई म्हणाली.

"बसने? त्यांच्या माणसांसमोर मी पिशवी सांभाळत बसमधून उतरू?"

"मग गाडी काढा."

"पंप गळतोय. घाटात जीव सोडेल."

"बदला ना मग."

"सामान मिळत नाही इथे. कोल्हापूरला सांगितलंय."

"कोल्हापूर काय विलायतेत आहे?"

"त्यांच्याकडेही नाही. यायचंय."

चारचौघांत मान राहावा हे आईला हवंच असायचं, आणि बाबांनी तिचंच कारण तिच्या हातात ठेवलं होतं.

गाडी रोज अंगणात उभी असायची. रोज सकाळी फरशीवर तांबूस डाग. आई चिंच घेऊन घासायला बसायची.

"शेडमध्ये लावा की गाडी."

"शेडला उतार आहे. हँडब्रेक धरत नाही."

"म्हणजे ब्रेकही नाही, पंपही नाही. गाडी आहे की मांडव?"

त्यावर ताई हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मग तिनेच डब्यातली एक जुनी पितळी वाटी घेतली आणि रात्री थेंबाखाली ठेवायला लागली, आईची फरशी वाचावी म्हणून. सकाळी बाबा ब्रश तोंडात घेऊन बाहेर यायचे.

"किती?"

"अर्धी वाटी."

"चांगलं आहे."

मला ते चमत्कारिक वाटायचं. गळणारा पंप चांगला कसा? पण बाबांचं म्हणणं मला पाठ होतं. लहानपणी आम्हा दोघींना शेडमधल्या भिंतीसमोर उभं करून त्यांनी शिकवलं होतं, आणि माझं लक्ष नसायचं, ताईचं असायचं. सील झिजलं की पाणी दांड्यावरून बेअरिंगकडे निघतं. बेअरिंगमध्ये पाणी गेलं की पंप खलास. म्हणून दोघांच्या मध्ये, खालच्या अंगाला, बनवणारा एक भोक ठेवतो. पाण्याने तिथून बाहेर पडावं. थेंब दिसला की समजायचं, अजून वेळ आहे, आठवड्याच्या आत पंप बदलायचा. थेंब दिसतो म्हणून चिडायचं नाही.

आठवडे होत गेले. ताई जेवू लागली. दुपारी झोपू लागली, आधी दार उघडं ठेवून, मग लोटून. सोनाराने वर नवीन भोक पाडून दिलं आणि आईने स्वतःच्या कुड्या तिच्या कानांत घातल्या. फाटलेला भाग केसांखाली जायचा. संध्याकाळी ती माझ्या केसांना तेल लावायची आणि आम्ही शेजारच्या म्हशीच्या नावावर भांडायचो. खातूंनी तिचं नाव ऐश्वर्या ठेवलं होतं.

मग खेडहून मला बघायला येणार असल्याचं कळलं. रविवारी.

मी मोरीत भांडी घासत होते. आत आई आणि ताई वाल सोलत होत्या. आई रागावलेली नव्हती, एवढं मला आजही सांगता येईल. तिचा आवाज थकलेला होता.

"ते विचारतील, मोठी इथे कशी. काय सांगू?"

"सांग, दिवाळीला आलीय."

"दिवाळी होऊन किती दिवस झाले, शालू?"

वालाची सालं टोपलीत पडत होती.

"तुझं काय ते मला दिसत नाही असं नाही," आई म्हणाली. "पण हिचं अजून व्हायचंय. मोठी घरी येऊन बसलीय म्हटलं की माणसं चहाही पूर्ण पीत नाहीत. वर्ष काढ गं. मूल झालं की माणूस निवळतो."

"नळाला लावली होती ती पुट्टी उरलीय का?" ताईने विचारलं.

"कपाटात असेल. कशाला?"

"पाट हलतोय."

मोरीतला पाट खरंच हलत होता. त्यामुळे मी पुढे विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ब्रश घेऊन बाहेर आले तेव्हा ताई वाटी हातात घेऊन उभी होती.

"कोरडी," ती म्हणाली.

बाबांनी वाटीत पाहिलं. मग गाडीखाली वाकले. फरशी स्वच्छ होती. ते बराच वेळ तसेच वाकलेले राहिले.

"आपोआप थांबत नाही ते," ते खालूनच म्हणाले.

आई दारात आली होती. "थांबलंय की. डोळ्यांसमोर आहे तुमच्या. चांगलं झालं, आज निघा म्हणजे रविवारच्या आत सगळं नीट होईल. मी खातूंकडून फोन करते, दुपारी हेळवाकला उभे राहा म्हणून."

बाबा उठले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. ते उचलतील असं मला वाटलं. त्यांनी हात तसाच ठेवला, आईकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला.

"बरं," ते म्हणाले.

निघताना आईने ताईची ओटी भरली. मला म्हणाली, "वृंदा, तू जा सोबत. येताना हे एकटे नकोत."

*

पोफळी गाव मागे पडलं आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. ताई पुढे बसली होती, मी मागे, मांडीवर आईने दिलेला लाडवांचा डबा. बाबा दर वळणाला हॉर्न वाजवत होते.

आधी शिट्टीसारखा बारीक आवाज आला. मग तो जाड झाला, जात्यात खडा आल्यासारखा. ताई पुढे वाकली.

"बाबा, काटा."

"बघतोय."

"खूप वर गेलाय."

"बघतोय म्हटलं ना."

पुढच्या वळणावर एक टपरी होती. बाबांनी गाडी तिथे आणून बंद केली तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. टपरीतली बाई कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. तिचं आडनाव झोरे. बाबांना ती ओळखत असावी, या रस्त्याला ते पुष्कळदा गेले होते.

"या मास्तर. हितं समद्यांच्या गाड्या उकळत्यात. माझा च्या तेवढा उकळत न्हाई, लाकडं वली हायती."

"पाणी मिळेल का, झोरेबाई?"

"झऱ्याचं हाय, लागंल तेवढं घ्या. आधी गाडी निवू द्या. तोंड भाजंल."

आम्ही फळीवर बसून चहा घेतला. वाफ कमी झाली तसे बाबा उठले आणि बॉनेट उघडून पंखा हाताने हलवून पाहिला. पंखा पुढे-मागे डुलला.

"बेअरिंग गेलं," ते म्हणाले. "बरं झालं थांबलो. पंखा रेडिएटरात घुसला असता."

मग ते वाकले आणि पंपाच्या खाली बोट घातलं. बोट तिथेच थांबलं. ते बघत नव्हते, नुसते चाचपत होते. मी त्यांच्या बाजूला उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं, पण तसं झालं नाही. वर्गात मुलाने बरोबर उत्तर चुकीच्या जागी लिहिलं की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

"हे कुणी बुजवलं?"

समोरून दुधाच्या कॅनचा टेम्पो घरघरत वर गेला. तो वळणाआड गेला.

"मी," ताई म्हणाली.

"मला वाटलं, तुझ्या आईने कुणाकडून तरी..."

"आईला कुठे माहीत आहे भोक कुठे असतं ते."

"तुला माहीत होतं ना, बुजवायचं नसतं?"

"माहीत होतं."

बाबांनी बोटाला लागलेला पांढरा चुरा पँटला पुसला. "पान्यांची पिशवी आण डिकीतली," ते म्हणाले. आणि लगेच, "थांब. शालू, थांब, मी आणतो."

पण ती तोवर मागे पोचली होती. डिकी उघडली. स्टेपनीपाशी काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात पान्यांची पिशवी होती. दुसऱ्या हातात जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक खोकं. तिने ते मडगार्डवर ठेवलं आणि टॉवेल बाजूला केला. आत नवा कोरा पंप होता, ग्रीसचा कागद अजून तसाच.

"कोल्हापूरहून आला का?" ताईने विचारलं.

बाबा पाने मांडत होते. "हो," ते म्हणाले.

"कधी?"

त्यांनी एक पाना उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला.

"बाबा, कधी?"

"तू आलीस त्या दिवशी," ते म्हणाले. "इथल्याच दुकानातून."

ताईला आधी हसू आलं. तिने तोंडावर हात ठेवला आणि खांदे हलायला लागले. मीही हसायला लागले, कारण कोल्हापूर विलायतेत आहे का हे आईचं बोलणं मला आठवलं. मग मी पाहिलं तर ताई दरीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे आता हलत नव्हते. एका हाताने ती दुसऱ्या हाताचं मनगट धरून उभी होती.

"बारा नंबर दे," बाबा म्हणाले.

ती वळली आणि तिने बारा नंबरचा पाना दिला.

पंप बदलायला दोन-अडीच तास गेले असतील. पट्टा काढला, पंखा काढला, जुना पंप सोडवला. चिकटलेलं जुनं गॅस्केट बाबा ब्लेडने खरवडत होते आणि ताई फुंकर मारून कचरा उडवत होती. ते मागायच्या आत ती पाना पुढे करायची. लहानपणी असंच असायचं. मी पाणी आणून देत होते आणि झोरेबाई भजी तळत होती, आम्ही सांगितली नव्हती तरी.

"लेकीला मिस्त्री केली की काय, मास्तर?"

"झाली असती," बाबा म्हणाले.

"मग का न्हाई केली?"

बाबांनी नट आवळला. त्या प्रश्नावर त्यांनी इतका जोर लावला की ताई म्हणाली, "हळू बाबा, मोडेल."

पाणी भरून झालं. बाबा म्हणाले, "बस आत. चालू कर. रेस दे थोडी."

ताई ड्रायव्हरच्या जागी बसली. गाडी चालू झाली. आवाज गोल आणि नीट होता, मध्ये काही नाही. बाबांनी गाडीखाली वाकून पाहिलं, मग सरळ होऊन तिच्या खिडकीपाशी आले. हातात कॅन, कॅनमध्ये थोडं पाणी. मी पलीकडच्या बाजूला, उघड्या दारात उभी होते.

"झाली," ते म्हणाले. "आता दोन्हीकडे जाईल."

ताईचे हात स्टीअरिंगवर होते.

"रविवारी खेडचे यायचेत," ती म्हणाली.

"येतील. येऊ देत."

"विचारतील, मोठी इथे कशी."

बाबा कॅनकडे बघत होते.

"तेव्हा तुम्ही बोलाल का?" ताई म्हणाली. "आई बोलणार नाही. तुम्ही सांगाल का, की आमची मुलगी आहे, इथेच राहणार आहे?"

"तुला राहायचंय का?"

"मी नाही सांगायची, बाबा. मी सांगितलं तर मी घरी येऊन बसले असं होतं. तुम्ही म्हणा. पंपाचं नका सांगू कुणाला. नुसतं म्हणा, मी ठेवून घेतली. आता इथे म्हणा, वृंदासमोर."

इंजिन चालू होतं. बाबांचे ओठ हलले. मग ते समोर गेले, रेडिएटरचं झाकण उघडलं आणि कॅनमधलं पाणी ओतायला लागले. रेडिएटर भरलेलाच होता. पाणी बाहेर येऊन बंपरवरून खाली रस्त्यावर गेलं, पार माझ्या चपलांपर्यंत आलं. कॅन रिकामा होईपर्यंत ते ओतत राहिले.

ताईने खिडकीतून ते सगळं पाहिलं.

मग तिने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. एकदम इतकं शांत झालं की झोरेबाईच्या कढईतलं तेल ऐकू आलं.

आम्ही भजी खात होतो तेव्हा वरून जीप आली. ताईचा धाकटा दीर जयसिंग उतरला, पांढरा शर्ट, गॉगल डोक्यावर. माणूस वाईट नव्हता. हसतच आला.

"मास्तर, किती वाट बघायची माणसानं? हेळवाकला च्या पिऊन पिऊन पोट फुगलं माझं. म्हटलं, दरीत तर न्हाई ना गेले."

"पंप गेला होता."

"झाला?"

"झाला."

"मग चला, वहिनीला मीच न्हेतो हितनं. तुम्ही कशाला वर चढता परत. गाडी बदला आता, मास्तर. म्हातारी झाली."

"गाडी चांगली आहे," बाबा म्हणाले.

जयसिंगने एक भजं उचललं, खाल्लं, बोटं पुसली. "दादानं एक विचारायला सांगितलं होतं. तुम्ही काय तरी सांगणार होता म्हणं."

बाबांच्या हाताला ग्रीस लागलेलं होतं. ते चिंधीने एकेक बोट पुसत होते, आणि आधीच पुसलेली बोटं पुन्हा पुसत होते. ते जीपच्या टायरकडे बघत बोलले.

"सांगा त्यांना. यापुढे असं होणार नाही."

"बास. मिटलं," जयसिंग म्हणाला.

"कान अजून ओला आहे तिचा," बाबा म्हणाले. "जपा."

जयसिंगने गॉगल डोळ्यांवर घेतला आणि तो पिशवी उचलायला गेला.

ताईने गाडीची किल्ली बाबांच्या हातात दिली. वाकून नमस्कार केला. मला जवळ घेतलं तेव्हा तिच्या हातालाही ग्रीसचा वास येत होता.

"पोह्यांवर लिंबू शेवटी पीळ," ती म्हणाली. "आधी पिळलं की घट्ट होतात."

ती जीपमध्ये चढली. रडली नाही. जीप वळणाआड गेली तरी बाबा उभेच होते. मग त्यांनी जुना पंप टॉवेलमध्ये गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. झोरेबाईने भज्यांचे पैसे घेतले नाहीत.

घाट उतरताना काटा मध्यावर होता. घरापर्यंत हलला नाही.

आई फाटकात उभी होती.

"पोचली?"

"पोचली."

"रडली?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग झालं," आई म्हणाली, आणि आत जाऊन तिने देवापाशी दिवा लावला.

*

रविवारी खेडचे आले. मुलाच्या आईने विचारलं, मोठी कुठे असते? आई म्हणाली, तिच्या घरी. मी लिंबू शेवटी पिळलं होतं. त्यांच्याकडून पुढे काही कळलं नाही.

*

ताईचा फोन खातूंकडे यायचा. बरी आहे, तुम्ही कसे आहात, ऐश्वर्या व्याली का. आई म्हणायची, आवाज छान लागतो हल्ली तिचा.

*

फाल्गुनात ताई गेली. ताप होता, असं ते म्हणाले. आम्ही त्याच गाडीने गेलो. गाडीने कुठेही त्रास दिला नाही. पोचलो तेव्हा त्यांनी सगळं उरकून घेतलं होतं आणि अंगण शेणाने सारवलेलं होतं, अजून ओलं. तिचा नवरा ओसरीवर बसला होता. बाबांनी त्याला काही विचारलं नाही. जयसिंगने आम्हाला पाणी आणून दिलं आणि तो आमच्याकडे न बघता परसात निघून गेला. आईच्या कुड्या त्यांनी एका पुडीत बांधून दिल्या. एकीचा फिरकीचा भाग वाकला होता.

*

परत आल्यावर बाबांनी शेडमधलं खोकं उघडलं. पायरीवर बसले, जुना पंप मांडीवर उलटा घेतला, आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन भोकातली पुट्टी टोकरत बसले. ती दगडासारखी झाली होती. सुया मोडायच्या. आई न बोलता दुसरी आणून द्यायची. शेवटी भोकातून पलीकडचा उजेड दिसला. बाबांनी त्यात पाणी ओतलं. ते खाली फरशीवर तांबूस होऊन पडलं.

आईने तो डाग पुसला नाही.

*

ताईला गाडी चालवता येत होती. लग्नाच्या आधीच्या मे महिन्यात, खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर, बाबांनीच तिला शिकवली होती.